इंदूताईच्या गाडीतला पिवळा दिवा

"मॅडम, गाडी कोणत्या सालची?" दुकानदाराने विचारलं आणि त्याच वेळी माझ्या पर्समधला फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणून मी फोन घेतला. माझा पुतण्या संदीप होता. "काकू... आई गेली." एवढंच बोलला. मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले. दुकानदार भला माणूस, पण गिऱ्हाइकं खोळंबलेली, त्याने पुन्हा विचारलं, "साल सांगा ना मॅडम. सालावर सगळं आहे. जुन्या गाडीला हे रीडर चालत नाहीत." आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी त्याला चक्क उत्तर दिलं. "दोन हजार पाच." तो मान हलवून म्हणाला, "मग नाही चालणार." मी "बरं" म्हटलं आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले. त्या क्षणी मला रडू आलं नाही. आला तो राग, स्वतःचाच. दसऱ्याला कबूल केलेलं काम मी दिवाळी उलटून गेल्यावर करायला निघाले होते आणि त्यातही उशीरच झाला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

त्याला आता सहा आठवडे झाले. इंदूताई माझी थोरली जाऊ. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. मी आणि आमचे हे नोकरीमुळे गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो आणि मळा राहिला थोरल्या दिरांकडे, म्हणजे खरं तर इंदूताईकडेच. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यामुळे घरात 'शिकलेली' मी आणि 'कामाची' ती, अशी वाटणी लग्नापासूनच झालेली. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचे आणि मनात 'तू'. आता लिहिताना मनातलंच चालू द्या, ती काही ओरडायला येणार नाही. आली तर बरंच होईल.

व्हॅन घेतली थोरल्या दिरांनी, फुलबाजारात माल न्यायला. सहा महिने चालवली असेल नसेल, त्यांच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. मग पगारी ड्रायव्हर ठेवला. तो उशिरा यायचा, आणि आमच्या धंद्यात उशिराची फुलं म्हणजे उकिरड्याची भरती. चार दिवस इंदूताईने पाहिलं आणि पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "मला शिकवा." तेव्हा ती पंचेचाळिशीची. नऊवारी नाही पण पाचवारी खोचून, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवून ती स्टिअरिंगवर बसली आणि पहिल्याच दिवशी तिने चिकूचं झाड पाडलं. मळ्यातली सगळी माणसं हसली. सगळ्यात जोरात मी हसले, हे मला आठवतं. दीर म्हणाले, "राहू दे आता." ती म्हणाली, "झाड पडलं ना? मी पडले का?" महिन्याभरात ती फुलबाजारात माल उतरवत होती. पुरुषांच्या टेम्पोंच्या गर्दीत व्हॅन उलटी लावायची, ती अशी की बघणाऱ्याने बघत राहावं. मला हेवा वाटायचा. मला अजूनही गाडी येत नाही. शिकेन शिकेन म्हणत रिटायर झाले.

दीर गेल्यावर तर व्हॅन आणि ती, दोघींचं एक वेगळंच कुटुंब झालं. संदीप सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर. पोरगा सोन्यासारखा, पण काळजीने पोखरलेला. "आई, टेम्पो लावू आपण भाड्याने," असं दर वर्षी म्हणायचा. ती ऐकल्यासारखं करायची. राग आला की ती माहेरच्या अहिराणीवर जायची, कारण ती मूळची सटाण्याची, मग संदीपला म्हणायची, "तुले काय करनं शे रे?" म्हणजे तुला काय करायचंय? आणि विषय संपायचा.

आता त्या दिव्याचं सांगते. श्रावणातली गोष्ट. आमचे हे सकाळी बाथरूममध्ये घसरून पडले, डोक्याला लागलं, बघता बघता शुद्ध गेली. मुलगी पुण्याला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात पोचवलं आणि बाकड्यावर बसून मी पहिला फोन कोणाला केला असेल? संदीपला नाही, मुलीला नाही, इंदूताईला. मला माहीतही नव्हतं की ती भाच्याच्या साखरपुड्यासाठी सटाण्याला गेली आहे. मी फोनवर नुसती रडत होते. ती म्हणाली, "कोणता दवाखाना? तेवढं सांग, मग रड." सटाण्याहून नाशिक म्हणजे रमतगमत अडीच तास. ती दोन तासांच्या आत माझ्यासमोर उभी होती, हातात साखरपुड्याच्या जेवणाचा डबा. मी म्हटलं, "इतक्या लवकर कशा आलात?" तर म्हणाली, "रस्ता मोकळा होता गं." तीन दिवस ती दवाखान्यातून हलली नाही. आमचे हे शुद्धीवर आले, घरी आले, आता बरे आहेत, आणि डॉक्टरांपेक्षा वहिनीचंच नाव जास्त घेतात.

तिसऱ्या दिवशी संदीप व्हॅन न्यायला आला तेव्हा त्याला बोर्डावर पिवळा दिवा पेटलेला दिसला, इंजिनाच्या आकाराचा, बारका. "हा कधी लागला?" "येताना, कुठंतरी. लागू दे. गाडी चालतेय ना?" चालत होती. पण दिवा विझेना. पंचवटीतला नेहमीचा मिस्त्री म्हणाला, "मावशी, सोपं आहे. बॅटरीची वायर काढतो, पाच मिनिटं थांबतो, परत लावतो. दिवा गायब." इंदूताई त्याच्यावर अशी खवळली की मी बघतच राहिले. "दिवा घालवायला नाय आले मी. तो काय सांगतोय ते विचारायला आले. पोर रडायला लागलं तर तोंड दाबतो का त्याचं?" तेव्हापासून तिचा दंडकच झाला, बॅटरीच्या वायरीला कोणी हात लावायचा नाही, कारण वायर काढली की गाडी ते दुखणं विसरते. मिस्त्रीने स्टिअरिंगच्या खालचं सोळा टाचण्यांचं सॉकेट दाखवलं. मशीन इथे जोडायचं, ते गाडीच्या संगणकाला विचारतं, संगणक एक आकडा सांगतो, आकड्यावरून बिघाड कळतो. सगळं सोपं. फक्त या गाडीशी बोलणारं मशीन हवं.

ते काही मिळेना. संदीपने ऑनलाइन मागवलं, काडेपेटीएवढं, 'सर्व गाड्यांसाठी' असं वर ठसठशीत लिहिलेलं. सॉकेटात बसलं, त्याचा लाल दिवा लागला, आणि मोबाइलवर पाटी आली, संपर्क होऊ शकला नाही. मिस्त्रीच्या हातातल्या पिवळ्या यंत्रात गाड्यांची यादी होती, ती हिच्या सालाच्या पुढून सुरू व्हायची. तिसऱ्या एकाने समजावून सांगितलं की त्या काळात सॉकेटचा आकार सारखा झाला होता, पण आतली बोली प्रत्येक कंपनीची वेगळी. सगळ्यांची एक बोली पुढे झाली. मला यातलं ओ की ठो कळलं नाही. इंदूताईला लगेच कळलं. "म्हणजे मी लग्न होऊन आले तसं," ती म्हणाली. "तोंड तुमच्यासारखंच, पण माझी अहिराणी तुम्हाला कुठं कळत होती? सासूबाई म्हणायच्या, पोरगी मुकी आहे का?" आणि स्वतःच खदाखदा हसली.

संदीप मात्र हसला नाही. जानेवारीत गाडीचं आरटीओचं पासिंग होतं. पंधरा वर्षांनी एकदा झालं होतं, आता पाच वर्षांनी पुन्हा. एजंटाने सांगितलं, दिवा पेटलेला असेल तर साहेब गाडी बघणारही नाहीत. संदीप माझ्याकडे आला. "काकू, इंजिन गेलंय. मशीनसुद्धा बोलायला तयार नाही तिच्याशी. आई सहासष्टची. हायवेवर गाडी बंद पडली, मागून ट्रक आला... मी काय करू? तुमचं ती ऐकेल." त्याचे डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. एक जोखीम कमी. मी मळ्यात गेले, शाळेत पोरांना समजवायचे त्या आवाजात तिला समजावलं, वय, रहदारी, डोळे, आणि तो दिवा. "ताई, गाडीच सांगतेय की आता बस्स. आणखी काय पुरावा हवा?" ती झेंडू निवडत होती. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "गाडीले काहीच व्हयेल नही." म्हणजे, काही झालेलं नाही गाडीला. मी ती किल्ली संदीपला दिली. गणपतीच्या आठ दिवस आधीची गोष्ट.

माझ्या हातून झालं ते हे. तो दिवा कशासाठी पळताना लागला होता, ते मला ठाऊक होतं, आणि तोच दिवा मी तिच्यापुढे पुरावा म्हणून नाचवला. त्या वेळी हे डोक्यात आलंच नाही, आणि तरी मी शिकलेली!

दसऱ्याचा झेंडू यंदा भाड्याच्या टेम्पोने गेला. इंदूताई ओट्यावर बसून टेम्पोवाल्याला नुसतं बघत होती, कारण तो क्रेट आदळत होता. दुपारी आम्ही दोघींनी बंद व्हॅनची पूजा केली, हार घातला. मग ती माझा हात धरून म्हणाली, "शोभा, एक काम कर. तू शिकलेली आहेस, चार ठिकाणी विचार. हिच्याशी बोलणारं मशीन शोध. इंजिन गेलं असं दिवा म्हणाला, तर मी स्वतः भंगारात देईन, तुमच्यावर राग नाय धरणार. पण त्याला बोलू तर द्या." मी म्हटलं, "करते हो ताई." आणि मग पुण्याला मुलीकडे गेले. आले तर दिवाळीचा फराळ. मग माझे दात. तिने तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा मशीनबद्दल अवाक्षर नाही, नुसतं "कशी आहेस?" मला कळत होतं ती कशासाठी करतेय. मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत राहायचे. शेवटी एका सकाळी, कसं कोण जाणे, लाज वाटून उठले आणि त्या दुकानात गेले. ती त्याच सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसली होती. बसल्या जागी गेली.

दशक्रियेला एक दूरचे पाहुणे म्हणाले, "गाडीचा दिवा बघत बसल्या, देहाचा दिवा बघितला नाही." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला असल्या सुभाषितांचा तिटकारा आहे. मी म्हटलं, "तुम्ही कधी बघितलात हो? वर्षातून एकदा तोंड दाखवता." आमच्या ह्यांनी माझा कोपर दाबला. मी काही थांबले नाही. मुळात राग त्यांच्यावर नव्हताच. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, घरी बसवल्यामुळे झालं का? ते म्हणाले, नाही, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, गाडी चालवत असत्या तरी फुटली असती, उलट बरं झालं घरी होत्या. 'बरं झालं' हे ऐकूनही मला बरं वाटलं नाही. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. तिची किल्ली मी काढून घेतली ते बरोबर की चूक? इंजिन खरंच गेलं असेल तर बरोबर. नसेल तर मी एका धडधाकट बाईचे शेवटचे अडीच महिने ओट्यावर बसवून घालवले. याचं उत्तर फक्त एकाकडे होतं, त्या दिव्याकडे.

तेराव्यानंतर संदीपने सांगितलं, भंगारवाल्याशी बोलणं झालंय, पुढच्या रविवारी व्हॅन उचलतो. मी म्हटलं, "मला थोडे दिवस दे." "काकू, लय झालं आता. ती उभी दिसली की मला घरात जाववत नाही." "मग घरात जाऊ नको. पण गाडीला हात लावायचा नाही." असं मी त्याला, ज्याची आई गेली त्याला, बोलले. त्याने भंगारवाल्याला आणखी तीन आठवडे थांबवलं. आणि भंगारवाल्यापेक्षा मोठी भीती बॅटरीची. थंडीचे दिवस, गाडी उभी. बॅटरी उतरली की सगळं पुसलं. मग मी एक दिवसाआड गंगापूर रोडहून रिक्षाने मखमलाबादला जायचे, घरातून किल्ली मागून घ्यायचे, व्हॅनमध्ये बसायचे, किल्ली फिरवायचे आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवायचे. तेवढंच मला येत होतं. दिवा लागलेला दिसला की जीव भांड्यात पडायचा. अहो, लोक दिवा विझावा म्हणून नवस करतात आणि मी तो पेटलेला राहावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. संदीपची बायको एकदा चहा घेऊन आली, मला नुसती बसलेली बघून परत गेली. तिला वाटलं असेल काकूंना वेड लागलंय. लागलंच होतं.

बाकीचा वेळ मी शोधत होते. आडगाव नाका, द्वारका, सिडको. प्रत्येक गॅरेजात तेच. "साल कोणतं?" मग "नाही हो मॅडम." एकजण नवीन यंत्र घेऊन मळ्यात आला, लॅपटॉपएवढं, मोठा रुबाब, त्यानेही हात टेकले. एकजण म्हणाला, "मॅडम, गाडीची किंमत नाही एवढा तुमचा वेळ चाललाय." मी म्हटलं, "माझा वेळ आहे, तुमचा आहे का?" घरी आमचे हे म्हणायचे, "शोभा, आता पुरे." मला झोप लागेना, जेवण जाईना, एका जागी बसवेना. भाजी निवडता निवडता उठून फोन करायचे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळाला. त्याने सांगितलं, "माझ्याकडं नाय. पण सातपूरला अस्लमभाई आहेत, जुने वायरिंगवाले. ते काही फेकत नाहीत."

रविवार उद्यावर आला होता. संदीपला मी म्हटलं, "शेवटचं. तू चालव, मी बसते." तो किल्ली घेऊन बसला. व्हॅनमध्ये झेंडूच्या देठांचा वास होता, ओलसर, थोडा कुजका.

अस्लमभाई साठीचे, नाकावर चष्मा, पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसलेले. माझी कथा त्यांनी निम्मीच ऐकली. "गाडी पुरानी आहे ना, तर मशीन पण पुराना पाहिजे. आजकाल पोरं अपडेट मारत राहतात, अपडेट मारला की पुरानी गाडी लिस्टमधून जाते. मी नाही मारत." त्यांनी कपाटातून एक करडं यंत्र काढलं, सोबत पिशवीभर वायरी. त्यात गाडीचं नाव होतं, साल होतं. त्यांनी जोडलं. यंत्राने विचार केला आणि पाटी दाखवली. संपर्क नाही. संदीप हळूच म्हणाला, "काकू, चला." अस्लमभाईंनी मात्र टॉर्च काढला, ते खाली वाकले आणि स्टिअरिंगखाली डोकं घालून म्हणाले, "ये लाल लाल काय आहे?"

ते माझंच काम होतं. फार वर्षांपूर्वी त्या पंचवटीच्या मिस्त्रीने दुसऱ्याच कशासाठी तरी ते सॉकेट दाखवून इंदूताईला सांगितलं होतं, "ही गाडीची नाडी." तिने ते मनावर घेतलं. दर दसऱ्याला स्टिअरिंगला, चाकांना, बॉनेटला आणि त्या नाडीलाही हळदकुंकू. तिचे गुडघे वाकायचे नाहीत म्हणून ते काम माझ्याकडे. मी ओल्या बोटांनी, चांगलं भरभरून, त्या टाचण्यांच्या भोकांत कुंकू भरायचे. वर दोन अक्षता. या दसऱ्यालाही भरलं होतं. इतकी यंत्रं आली, त्यांतलं एखादं बोललंही असतं कदाचित, पण मीच गाडीच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता. मी सांगितलं तसं अस्लमभाईंनी कपाळाला हात लावला नाही, हसलेही नाहीत. "इज्जत दिली, चांगली गोष्ट आहे. सुखा लावायचा ना मग, गीला कशाला?" एवढं बोलून त्यांनी फवारा मारला, जुन्या टूथब्रशने एकेक टाचणी घासली. एक तांदळाचा दाणा बाहेर पडला. संदीपला एकदम हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी तो तोंड फिरवून रडायला लागला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा जोडलं तेव्हा यंत्र बोललं. एकच आकडा. अस्लमभाईंनी वाचला, मान डोलावली. "ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या नळीवर असतो, एवढासा. दुसरा काही नाही. इंजिन?" त्यांनी चालू इंजिनावर तळहात ठेवला. "इंजिन अजून दहा वर्षं." म्हणजे गाडीले काहीच व्हयेल नही. तिने सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं. मी चुकले होते. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की सुटेन. बरोबर निघालं तर बरंच, चूक निघालं तर निदान माफी मागून मोकळी होईन. पण मागू कोणाजवळ? ती ओट्यावर नव्हती.

"अजून एक आहे," अस्लमभाई म्हणाले. "दिवा लागतो ना, त्या टायमाची गाडी नोंद ठेवते. इंजिन किती गरम, किती फिरत होतं, स्पीड किती." त्यांनी बटण दाबलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "गाडी कोण चालवत होतं?"

"माझी आई," संदीप म्हणाला.

"उमर?"

"सहासष्ट."

अस्लमभाईंनी यंत्र आमच्याकडे फिरवलं. ब्याण्णव. ताशी ब्याण्णव किलोमीटर, त्या डब्ब्यात! आम्हा सगळ्यांना ती वीस वर्षं शपथेवर सांगत आली होती की चाळीसच्या वर मी जात नाही, फुलं उडतात. "खोटारडी!" माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, त्या शेडमध्ये. मला हसू येत होतं. पिंपळगावच्या पुढे कुठेतरी, साखरपुड्याची साडी, शेजारच्या सीटवर जेवणाचा डबा, आणि फोनवर मी रडणारी. रस्ता मोकळा होता म्हणे! श्रावणात, हायवेवर? संदीप माझ्याकडे बघत होता. त्याला दिवस समजला होता.

"सेन्सर आहे माझ्याकडे," अस्लमभाई म्हणाले. "टाकतो. पण ही नोंद पुसावी लागेल, तरच दिवा जाईल. पुसू?"

संदीपने खिशातून मोबाइल काढला, आकड्याचा फोटो घ्यायला. मी त्याचा हात धरला. पुरावे मी एकदा नाचवून बघितले होते. "नको," म्हटलं. "पुसा, अस्लमभाई." त्यांनी बटण दाबलं. त्या आकड्याच्या जागी रेघ आली.

परतताना बोर्ड स्वच्छ होता. संदीपने भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आता जानेवारीत तोच पासिंगला नेणार आहे. तो फार सांभाळून चालवतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डावीकडची लेन सोडत नाही. मला शांत वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, आजही नाही. मी काटा बघत होते. अडतीस, चाळीस, पुन्हा अडतीस. मागचे टेम्पो हॉर्न देऊन पुढे जात होते. एबीबी सर्कलपाशी मला राहवेना.

"संदीप," मी म्हटलं, "जरा दाब की रे."